लंडनहून बाथची एका दिवसाची सहल: रेल्वेचे कोणते तिकीट घ्यावे?

आपण, आपली पत्नी आणि आई-वडील असे चौघे लंडनमध्ये मुक्कामाला असताना एक दिवस रेल्वेने बाथ हे शहर पाहून रात्रीपर्यंत परतणार आहात. संकेतस्थळावर ‘ॲडव्हान्स’, ‘ऑफ-पीक’, ‘सुपर ऑफ-पीक’, ‘एनीटाइम’ ही नावे आणि त्यांपुढचे एकमेकांशी अजिबात मेळ न खाणारे दर पाहून आपला गोंधळ उडाला आहे, आणि आई-वडील बरोबर असल्यामुळे पहिल्या वर्गाचे तिकीट घ्यावे का, असेही आपण विचारले आहे. मी लंडनमध्ये राहतो आणि घरी आलेल्या पाहुण्यांना घेऊन या मार्गाने माझे जाणे-येणे होते, म्हणून जरा विस्ताराने उत्तर देतो.

वर्गाचा प्रश्न आपण आधी विचारलात, पण तिकिटाची किंमत वर्गापेक्षा वेळेवर अधिक ठरते. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकाहून सकाळी आठच्या सुमारास सुटणारी गाडी आणि दहानंतरची गाडी यांत डबे तेच, आसने तीच आणि बाथला पोहोचायला लागणारा वेळही तोच, म्हणजे साधारण सव्वा ते दीड तास. तरीही कामाच्या दिवशी पहिल्या गाडीसाठी आयत्या वेळी काढलेले एनीटाइम (कोणत्याही वेळच्या गाडीला चालणारे) तिकीट ऑफ-पीकच्या (गर्दीच्या वेळा सोडून चालणाऱ्या तिकिटाच्या) कित्येकदा दुप्पट किंवा त्याहूनही महाग पडते. एवढी तफावत कशी, याचे कारण नियमनात आहे. १९९०च्या दशकात ब्रिटिश रेल्वेचे खासगीकरण झाले, तेव्हा लांब पल्ल्याच्या ‘सेव्हर’, म्हणजे आजच्या ऑफ-पीक, परतीच्या तिकिटांच्या दरवाढीवर सरकारने मर्यादा ठेवली. कचेरीच्या खर्चाने सकाळच्या गाडीने जाणाऱ्या प्रवाशाच्या तिकिटावर मात्र अशा मार्गांवर तशी मर्यादा राहिली नाही. २००८ साली सर्व तिकिटांची नावे बदलून एनीटाइम, ऑफ-पीक आणि ॲडव्हान्स अशी सुटसुटीत केली गेली, पण दोन दरांमधली दरी तशीच राहिली. आपण सहलीला निघाला आहात, तेव्हा एनीटाइम या प्रकाराकडे पाहण्याचेही कारण नाही.

उरतात ॲडव्हान्स आणि ऑफ-पीक, आणि खरा निर्णय याच दोहोंत करायचा आहे. ॲडव्हान्स तिकीट एका ठरावीक तारखेच्या ठरावीक गाडीशी बांधलेले असते. ते साधारण बारा आठवडे आधीपासून विक्रीला येते, स्वस्त तिकिटांचा साठा मर्यादित असतो आणि तो संपत जातो तसा दर चढत जातो. गाडी सुटण्यापूर्वी बदल करता येतो, पण त्यासाठी दरातला फरक आणि प्रत्येक तिकिटामागे दहा पौंडांपर्यंत शुल्क द्यावे लागू शकते. प्रवास रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत आणि आपल्याच उशिरामुळे गाडी चुकली तर तिकीट निकामी होते. ऑफ-पीक परतीच्या तिकिटावर गाडीचे बंधन नसते. गर्दीच्या वेळा सोडून कोणत्याही गाडीत बसता येते. कामाच्या दिवशी सकाळी साधारण साडेनऊपर्यंत ही तिकिटे चालत नाहीत, शनिवार-रविवारी आणि बँक हॉलिडेला (सार्वजनिक सुट्टीला) ती सहसा दिवसभर चालतात, आणि सुपर ऑफ-पीकच्या वेळा आणखी थोड्या आखूड असतात. संध्याकाळचे निर्बंध मुख्यतः लंडनबाहेर जाणाऱ्या गाड्यांवर असतात. आपण त्या वेळी लंडनकडे येत असाल, त्यामुळे परतीच्या वेळी त्यांचा त्रास बहुधा होणार नाही. तरी प्रत्येक तिकिटाला निर्बंधाचा एक सांकेतिक क्रमांक असतो आणि खरेदीच्या वेळी त्यावर टिचकी मारली की नेमक्या वेळा दिसतात, त्या वाचूनच पैसे भरावेत.

येथे एक विचित्र गोष्ट लक्षात घ्यावी लागते. जाताना स्वस्त ॲडव्हान्स आणि येताना मोकळे ऑफ-पीक एकेरी तिकीट, असा मधला मार्ग कोणालाही सुचतो; परंतु ब्रिटनमध्ये अनेक मार्गांवर ऑफ-पीकचे एकेरी तिकीट परतीच्या तिकिटापेक्षा अगदी किरकोळ रकमेने स्वस्त असते. म्हणजे येण्याची मोकळीक हवी असेल, तर जवळजवळ जाण्या-येण्याचे पैसे द्यावेच लागतात आणि त्यावर जातानाच्या ॲडव्हान्सचा खर्च उगाच चढतो. तेव्हा एक तर दोन्ही बाजूंची ॲडव्हान्स घ्यावीत किंवा सरळ ऑफ-पीक परतीचे तिकीट घ्यावे. (तिकिटाच्या नावात ‘डे’ हा शब्द असेल तर परतीचा प्रवास त्याच दिवशी करावा लागतो, नुसते ऑफ-पीक परतीचे असेल तर परतीसाठी साधारण महिनाभराची मुदत असते. आपल्याला याने फरक पडत नाही.)

आपल्या बाबतीत मी ऑफ-पीकच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण निव्वळ मोकळीक एवढेच नाही. तीन ते नऊ प्रौढ एकत्र प्रवास करत असतील, तर ‘ग्रुपसेव्ह’ या सवलतीने साध्या वर्गाच्या ऑफ-पीक तिकिटांवर एक तृतीयांश रक्कम कमी होते, आणि या मार्गावर गाड्या चालवणारी ग्रेट वेस्टर्न रेल्वे या योजनेत आहे. त्यासाठी कोणतेही कार्ड लागत नाही. संकेतस्थळावर चार प्रौढ निवडले की पात्र तिकिटांवर सवलत लागलेली दिसते, आणि तिकीट खिडकीवर ‘ग्रुपसेव्ह’ म्हटले तरी पुरते. समजा माणशी परतीचे भाडे ६० पौंड आहे: चौघांचे २४० होतात आणि सवलतीनंतर १६० उरतात. हीच सवलत ‘टू टुगेदर’ या दोघांच्या रेलकार्डानेही (रेल्वेच्या सवलतीच्या कार्डानेही) मिळते, पण ते कार्ड दोघांना मिळून ३५ पौंडांना पडते आणि चौघांसाठी अशी दोन कार्डे लागतील, म्हणजे तेवढ्याच सवलतीसाठी ७० पौंड वर मोजावे लागतील. दोन्ही सवलती एकाच तिकिटावर एकत्र मिळत नाहीत. ग्रुपसेव्हची अट एवढीच की सर्वांनी पूर्ण प्रवास एकत्र केला पाहिजे. आयत्या वेळी एखाद्याचे पाय दुखू लागले आणि ते हॉटेलवर थांबले तरी तिघे उरतात, त्यामुळे सवलत टिकते; आई-वडील दोघेही थांबले तर मात्र ती तिकिटे आपल्या दोघांना चालणार नाहीत.

रेलकार्डांचा विचार मी पूर्णपणे बाद करणार नाही. लंडनच्या मुक्कामात बाथखेरीज यॉर्क किंवा एडिंबरासारखा लांबचा प्रवासही होणार असेल, तर ती फायद्याची ठरतात, कारण त्यांची एक तृतीयांश सवलत ॲडव्हान्स तिकिटांवरही लागू होते. साठी पूर्ण केलेल्यांसाठी वेगळे सीनियर रेलकार्ड आहे आणि ते काढण्यासाठी ब्रिटनचे रहिवासी असण्याची अट नाही, पासपोर्टवरून वय सिद्ध करता येते. परदेशी प्रवाशांसाठीचा ब्रिटरेल पास एका दिवसाच्या या सहलीसाठी घेऊ नये. रोज उठून लांबचा प्रवास करणाऱ्यालाच तो परवडतो.

आता पहिला वर्ग. या मार्गावरच्या गाड्यांत साध्या वर्गात दोन-दोन आसनांची आणि पहिल्या वर्गात दोन-एक अशी मांडणी असते, त्यामुळे खुर्ची रुंद मिळते, पाय ठेवायला जागा जास्त असते, वर चहा-कॉफी आणि किरकोळ खाणे तिकिटातच येते. पण साधा वर्गही वातानुकूलित, स्वच्छ आणि चार्जिंगची सोय असलेला आहे, आणि एवढ्याशा प्रवासासाठी चौघांनी इतकी वाढीव रक्कम मोजावी, असे मला वाटत नाही; शिवाय ग्रुपसेव्ह पहिल्या वर्गाला लागू होत नाही. अपवाद एकच. पुष्कळ आधी पाहिले तर एखाद्या कमी गर्दीच्या गाडीचे पहिल्या वर्गाचे ॲडव्हान्स तिकीट साध्या वर्गाच्या ऑफ-पीकच्या आसपास सापडते आणि वेळ नक्की असेल तर ते खुशाल घ्यावे. (जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, आज ज्याला ‘स्टँडर्ड’ म्हणतात तो वर्ग मुळातला तिसरा वर्ग आहे. मिडलंड रेल्वेने १८७५ मध्ये दुसरा वर्ग बंद केला, पुढे इतर कंपन्यांनीही तोच कित्ता गिरवला आणि ब्रिटनमध्ये कितीतरी वर्षे पहिला आणि तिसरा असे दोनच वर्ग प्रामुख्याने उरले. १९५६ मध्ये तिसऱ्याला दुसरा म्हणू लागले आणि १९८७ मध्ये दुसऱ्याला स्टँडर्ड.)

आई-वडिलांच्या दृष्टीने वर्गापेक्षा आसनाचे आरक्षण महत्त्वाचे आहे. प्रतीक्षायादी हा प्रकार तेथे नाही. ऑफ-पीक तिकीट म्हणजे प्रवासाचा हक्क, बसायला जागा मिळेलच असे नव्हे. मात्र ग्रेट वेस्टर्नच्या गाड्यांत जागा फुकट राखून ठेवता येते आणि ती राखली म्हणून त्याच गाडीने जाण्याचे बंधन येत नाही. डब्यात प्रत्येक आसनाच्या वर छोटा दिवा असतो: हिरवा असेल तर आसन मोकळे, तांबडा असेल तर राखीव, आणि पिवळा असेल तर मार्गाच्या काही भागासाठी राखीव. तांबड्या दिव्याखाली स्वतःचे नाव शोधत बसू नये, तिकिटावरचा डबा आणि आसन क्रमांक पाहावा. पॅडिंग्टनला फलाटाचा क्रमांक गाडी सुटण्याच्या थोडाच वेळ आधी फलकावर झळकतो आणि मग सारी गर्दी एकदम चालू लागते, म्हणून आई-वडिलांना घेऊन फलकाजवळ वेळेवर उभे राहणे चांगले. बाथ स्पा स्थानकातून रोमन स्नानगृहे चालत दहा मिनिटांच्या आतबाहेर आहेत, तेव्हा तेथे पुढच्या वाहनाचे तिकीट लागत नाही.

एक सापळा आवर्जून सांगतो. लंडनमध्ये ऑयस्टर (तेथील शहर वाहतुकीचे) कार्ड किंवा बँकेचे कार्ड टेकवून सगळीकडे फिरण्याची आपल्याला दोन दिवसांत सवय होईल. पॅडिंग्टनचे फाटकही ते कार्ड टेकवल्यावर उघडते, कारण याच मार्गावर बँकेचे कार्ड रेडिंगपर्यंत आणि ऑयस्टर त्याच्या अलीकडच्या वेस्ट ड्रेटनपर्यंत चालते. पण बाथला दोन्ही चालत नाहीत. गाडीत किंवा बाथच्या फाटकावर तपासणी झाली की वैध तिकीट नसल्याबद्दल दंड होऊ शकतो, आणि इंग्लंडमध्ये जानेवारी २०२३ पासून तो १०० पौंड अधिक एकेरी भाडे असा आहे. २१ दिवसांत भरल्यास १०० ऐवजी ५० पौंड. उलट बाथच्या तिकिटात भुयारी रेल्वे येत नाही. हॉटेलपासून पॅडिंग्टनपर्यंतचे पैसे कार्ड टेकवून वेगळेच द्यायचे.

मार्गाच्या दरम्यान डिडकॉटला तिकीट ‘तोडून’ दोन तिकिटे काढली तर स्वस्त पडते, हा सल्लाही आपल्याला कोणी ना कोणी देईल. तो नियमात बसतो, उतरावेही लागत नाही, फक्त गाडी डिडकॉटला थांबणारी असली पाहिजे, आणि बाथच्या सगळ्याच गाड्या तेथे थांबत नाहीत. एकटा असतो तर मी हे करतो. चौघांची आठ तिकिटे आणि परतीच्या वेळी कोणती गाडी कोठे थांबते याचा शोध, हे आई-वडील बरोबर असताना करू नये असे माझे मत आहे.

खरेदी रेल्वे कंपनीच्याच संकेतस्थळावर करावी. दर सर्वत्र तेच असतात, पण काही मध्यस्थ ॲप त्याखेरीज वेगळे शुल्क लावतात. रविवार निवडणार असाल तर आधी रुळांच्या कामाची सूचना पाहा, कारण ती कामे बहुधा रविवारीच काढतात आणि अर्ध्या मार्गावर बसमध्ये बसवले जाते. गाडी १५ मिनिटे किंवा त्याहून उशिरा पोहोचली तर ‘डिले रिपे’ योजनेखाली भाड्याचा काही भाग परत मिळतो, तासाभराच्या उशिराला त्या बाजूचे पूर्ण भाडे. अर्ज २८ दिवसांच्या आत ऑनलाइन करायचा असतो आणि त्यासाठी तिकिटाचे छायाचित्र लागते, म्हणून कागदी तिकीट असेल तर बाहेर पडताना फाटकाने गिळण्यापूर्वीच त्याचा फोटो काढून ठेवा.