एफएससीके पाच तास २३ टक्क्यांवर अडकलंय, बंद करू का?

तुम्ही लिहिलंय की इंदुरात वादळात लाइट गेली, मशीन बंद पडलं, आणि आता उबुंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून ४ टीबीच्या ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) डिस्कची एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टिमची तपासणी-दुरुस्ती, लावलीत तर पाच तासांनंतरही आकडा २३ वर आहे. आत गिऱ्हाइकांच्या लग्नांचे फोटो आहेत.

पॉवरचं बटण दाबू नका. पण नुसती वाट बघत बसण्यातही अर्थ नाही.

ईएक्सटी४ जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, ठेवतं, त्यामुळे लाइट गेल्यानंतरची साफसफाई बहुतेक वेळा काही सेकंदांत उरकते. सक्तीची पूर्ण तपासणी लावली तरी न वापरलेल्या आयनोडचा (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदींचा) भाग ती सोडून देते, म्हणून धडधाकट डिस्कवर काम सहसा मिनिटांत होतं. ती टक्केवारीही वेळेची नसते. पाच टप्प्यांपैकी पहिल्याला ७० पर्यंतचे टक्के दिलेले असतात, दुसऱ्याला ९० पर्यंतचे. तुमचं गाडं पहिल्याच टप्प्यात, आयनोड वाचण्यात रुतलंय.

कमांडमध्ये छोटा सी (-c) तर नाही ना टाकलात? टक्केवारी दाखवतो तो मोठा सी (-C). छोटा सी खराब सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) शोधायला अख्खी डिस्क वाचायला लावतो, आणि ४ टीबी सेकंदाला १५० एमबीने वाचायला सात तासांच्या वर लागतात. जुन्या यूएसबी २ च्या डबीत डिस्क असेल तर दिवसभरापेक्षा जास्त.

तसं नसेल तर दुसरं टर्मिनल उघडून डीमेसेज (dmesg, लिनक्सच्या गाभ्याचे संदेश दाखवणारी कमांड) बघा. आय/ओ एररच्या (वाचता-लिहिताना आलेल्या चुकांच्या) ओळी पुन्हा पुन्हा येत असतील तर डिस्क एकेका खराब सेक्टरवर अडते आहे. घरगुती डिस्क असा सेक्टर वाचायची खटपट बराच वेळ करत राहते, लिनक्स ३० सेकंद थांबून तिला रीसेट करतो, मग पुन्हा तेच. असे काहीशे सेक्टर असले की तास असेच जातात.

मग स्मार्टसीटीएल (smartctl, डिस्कची तब्येत दाखवणारी कमांड) चालवा. १९७ नंबरच्या ओळीत (वाचता न आलेले सेक्टर) शेवटचा आकडा शून्य नसेल तर तपासणी कंट्रोल-सीने थांबवा, तो इशारा ऐकून ती नीट बंद होते. मरायला टेकलेल्या डिस्कवर दुरुस्ती चालवणं मला तरी मंजूर नाही, कारण ती तिथे लिहायलाही लागते. तेवढीच किंवा मोठी डिस्क आणा, जीएनयू डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून जमेल तेवढं वाचून घेणारा प्रोग्राम) प्रत काढा आणि एफएससीके त्या प्रतीवर चालवा. डीडीरेस्क्यूला मॅप फाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) नक्की द्या, आणि ती पेनड्राइव्हच्या लाइव्ह सिस्टिममध्ये न ठेवता तिसऱ्या एखाद्या डिस्कवर ठेवा. म्हणजे मध्येच लाइट गेली तरी काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं.

१९७ शून्य आहे पण १९९ (डिस्क आणि मशीनमध्ये डेटा जाताना झालेल्या चुका) वाढतोय? मग बहुधा साटा केबल. इंदुरातल्या सिल्व्हर मॉलमध्ये नवी घ्या, लावा, आणि आकडा अजून चढतो का ते बघा. जुना आकडा पुसला जात नाही, त्याने घाबरू नका.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र यातलं काहीही करू नका. वायर काढा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.