हरिहरेश्वरच्या खडकांचे फोटो सपाट आणि काळेकुट्ट येतात. कोणती लेन्स घ्यावी?

लेन्सचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. फोटो सपाट येतात ते उजेडामुळे, आणि या किनाऱ्यावर उजेडाचे गणित तिथीशी जुळवावे लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात आपल्याकडे भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास पुरी होते. त्यामुळे मंदिराच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरचा, लाटांनी तासलेला खडकाळ ओटा पुरता उघडा पडतो तेव्हाच सूर्य खाली असतो आणि त्यावरची भेग न भेग सावलीने उठून दिसते. पश्चिमेकडे तोंड असलेल्या कड्याला मात्र मावळतीचा उजेड समोरून मिळतो आणि त्यातले खळगे बुजून जातात. तिथे दुपारी एक-दीडचा, वरून घासत येणारा उजेड हवा, आणि त्या वेळी ओहोटीही हवी असल्यास अष्टमीच्या आसपास जावे.

याच कड्याचा एक फोटो मी काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत दिला होता. मधाच्या पोळ्यासारखी जाळी, खळग्यांमधल्या बोटाहून बारीक भिंती, तळाशी मिठाचा पांढुरका थर आणि कडेला मुद्दाम ठेवलेले पाच रुपयांचे नाणे. परीक्षकांनी सर्वांसमोर सांगितले की, नाणे नसते तर हे चित्र झाले असते, आता हे भूगोलाच्या पुस्तकातले पान झाले आहे. बक्षीस मिळाले ते दीर्घ एक्स्पोजर देऊन समुद्राचे धुके केलेल्या फोटोला, ज्यातला खडक कोणत्याही देशाचा म्हणून खपला असता.

नाणे हवेच, हे माझे मत आजही कायम आहे. हा बेसॉल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोके बहुधा लहान व गोलसर असतात, आणि पुष्कळदा त्यांत झिओलाइट हे पांढरे खनिज भरलेले दिसते. जाळीचे खळगे त्यांहून फार अलीकडचे; खाऱ्या तुषारांतले पाणी खडकात मुरते, सुकताना मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण न् कण सुटा होतो. नाणे नसेल, तर पाहणाऱ्याला यातला फरक सोडाच, समोर वीतभर खडक आहे की अख्खा कडा, हेही कळत नाही. तेव्हा नाणे जरूर ठेवा, आणि ते काढा म्हणणाऱ्याला खळगा केवढा होता ते विचारा.

काळ्या खडकावर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो व खडक राखाडी करतो, म्हणून तिथे एक्स्पोजर थोडे कमी करावे. तुमचे फोटो काळेकुट्ट येतात त्याअर्थी चौकटीत आकाश जास्त येत असावे. ओल्या खडकाची चकाकी पोलरायझरने, म्हणजे लेन्सपुढे लावायच्या फिल्टरने, बरीच कमी होते.

भिंतीवर लावायला फोटो हवा असेल, तर परीक्षकांची पद्धतही चालेल. पावसाळ्यात व भरती चढताना मात्र त्या वाटेने जाऊ नये. तिथल्या लाटांनी माणसे ओढून नेली आहेत. आणि लेन्स घ्यायचीच असेल, तर जाळीसाठी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी, घ्या.