सोळाव्या शतकातल्या रोमच्या छापचित्रांत कोलोसियम कधी उलटं का दिसतं? त्यांवर विश्वास ठेवावा का?

समजा, तुमच्याकडच्या दोन छापांपैकी एकात कोलोसियमचा पडका भाग डावीकडे आहे, दुसऱ्यात उजवीकडे. दृश्य पश्चिमेकडून, म्हणजे फोरमच्या (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या) अंगाने घेतलेलं असेल तर दुसरं बरोबर. बाहेरची उंच भिंत उत्तरेला टिकली आहे आणि तिथून पाहताना उत्तर डाव्या हाताला येते.

तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं कागदावर आरशासारखं उलटून उमटतं. म्हणून रेखाटन पत्र्यावर आधी उलटं उतरवून घ्यावं लागे. नक्कल करणारे पुष्कळदा ही मेहनत टाळायचे आणि समोरचा छाप जसाच्या तसा कोरायचे. अक्षरं सुलटी आहेत म्हणून चित्रही सुलट असं समजू नका, ती वेगळी उलटी कोरलेली असतात. रोममधल्या सम्राट ट्राजनच्या स्तंभावर तर उलटेपणाची खूण लगेच सापडते: त्याच्याभोवती वळसे घेणारा शिल्पपट्टा डावीकडून उजवीकडे चढायला हवा.

मोजमापासाठी मी दृश्यचित्रं बाजूलाच ठेवतो. १५१९च्या सुमारास पोप लिओ दहावा यांना लिहिलेल्या पत्रात चित्रकार राफाएलने तलविन्यास (जमिनीवरचा नकाशा), दर्शनी बाजू आणि छेद (इमारत उभी कापल्यासारखी आकृती) वेगवेगळे काढायला सांगितलं, कारण यथार्थदर्शनात, म्हणजे खोली दाखवणाऱ्या चित्रात, मापं आक्रसतात. वास्तुकार सेर्लिओचं १५४०चं आणि पाल्लादिओचं १५७०चं पुस्तक, दोन्ही लाकडी ठशांची, याच वाटेने जातात. इथे चूक होते ती एककात. रोमन पाल्मो हे लांबीचं माप सुमारे २२.३ सेंमी, तर पाल्लादिओ वापरतो तो विचेन्झा शहराचा फूट सुमारे ३५.७ सेंमी. पाल्मोचा आकडा फुटांचा समजलात तर इमारत १.६ पट फुगते. शिवाय पाल्लादिओ पडलेले भाग स्वतःच्या अंदाजाने पुरे करतो. देखणं काम आहे, पण अवशेषांचा पुरावा म्हणून ते धरू नये.

छापावरची तारीख तर सर्वांत फसवी. प्रकाशक लाफ्रेरी १५७७ मध्ये वारला आणि त्याचे पत्रे वारसांत वाटले गेले. पुढचे मालक जुनं नाव घासून आपलं कोरत आणि तोच पत्रा पुन्हा छापत. झिजलेल्या पत्र्यावर आधी बारीक रेघा जातात, सावल्या फिकट आणि ठिगळ्या होतात, मग कुणीतरी जाड हाताने त्या पुन्हा कोरतो. त्यामुळे १५८८-८९ मध्ये पोप सिक्स्टस पाचवा यांनी पाडलेलं सेप्टिझोडियम, म्हणजे प्राचीन रोमची एक खांबांची शोभेची वास्तू, नंतरच्या छापांतही उभंच राहतं. त्याचा पॅलाटाइन टेकडीच्या पायथ्याशी उरलेला तीन मजली तुकडा कसा होता, हे आज मुख्यतः अशा छापांवरून आणि रेखाटनांवरूनच कळतं. तिथे किमान दोन वेगळ्या हातांची चित्रं घ्या, एक दुसऱ्याची नक्कल नाही हे तपासा आणि मगच खांब मोजा.