हीलियमऐवजी आर्गॉन चालेल का?

प्रश्न : आमच्या डार्ट स्रोतात (मास स्पेक्ट्रोमीटरसाठी खुल्या हवेत तापलेल्या वायूच्या झोताने नमुन्याचे आयन बनवणारे उपकरण) हीलियम वाचवण्यासाठी आर्गॉन जोडला. प्लाझ्मा पेटतो, पण कॅफीनचा १९५चा (m/z, म्हणजे आयनाचे वस्तुमान भागिले विद्युतभार) सिग्नल जवळजवळ नाहीसा झाला. चूक कुठे?

उत्तर : जोडणीत चूक नाही, अडचण ऊर्जेची आहे. हीलियमच्या मेटास्टेबल (उत्तेजित, पण बराच काळ टिकणाऱ्या) अणूकडे १९.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते. हवेतल्या पाण्याच्या वाफेचे आयनीभवन १२.६ला होते, म्हणून प्रोटॉनधारी पाण्याचे पुंजके सहज बनतात आणि तेच कॅफीनला प्रोटॉन देतात. आर्गॉनची ऊर्जा जेमतेम ११.५ ते ११.७, म्हणजे पाण्यापर्यंत हात पोहोचतच नाही.

उपाय आहे : वायूच्या झोतात ॲसिटोनची किंचित वाफ सोडा. त्याचे आयनीभवन ९.७ला होते, आणि प्रोटॉनधारी ॲसिटोन कॅफीनला प्रोटॉन देतो. पार्श्वभूमीत ५९ आणि ११७ (प्रोटॉनधारी ॲसिटोनचा एक रेणू आणि दोन रेणूंची जोडी) दिसू लागले की वाफ पोहोचते आहे असे समजा. हेच दोन सिग्नल सगळ्यांवर मात करू लागले, किंवा २५३ला कॅफीन-ॲसिटोनची जोडी दिसली, तर वाफ जास्त झाली. लगेच कमी करा. ॲसिटोन ज्वालाग्राही आहे आणि झोत तापलेला, तेव्हा उघडी बाटली जवळ ठेवू नका; एक्झॉस्ट चालू हवाच.

आर्गॉन उष्णता कमी वाहून नेतो, त्यामुळे नमुना कमी तापतो. हीटर ५० अंशांच्या टप्प्याने वाढवून पाहा.

ॲसिटोनपेक्षा प्रोटॉन-आकर्षण (प्रोटॉन धरून ठेवण्याची ओढ) कमी असलेली संयुगे मात्र या मार्गाने दिसणार नाहीत. त्यांच्यासाठी हीलियमच वापरा.