आधी निर्णयाची तारीख शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहता, दिवे बदलले, शक्यतो बसने जाता, खरेदी कमी केली. तरी जो तो म्हणतो की एकट्यादुकट्याने काही होत नाही. मग हवामानबदलाच्या बाबतीत शहरातल्या माणसाने आपल्या शहरासाठी आणि जगासाठी नेमकं करायचं काय?

जे सुरू केलंत ते चालू राहू द्या. फक्त त्यातूनच आणखी थोडं पिळून काढण्यात पुढची वर्षं घालवू नका. आपल्या नावावर जमा होणारं बरंचसं प्रदूषण आपण निवडलेलंच नसतं. वीज कोळशाची की वाऱ्याची, बस दहा मिनिटांनी येते की पन्नास, इमारतीचं छत किती तापतं, कचरा उचलून कुठे नेऊन टाकतात, हे सगळं दुसरीकडे ठरतं. ते ठरवणारे लोक बहुतेक वेळा आपल्याच शहरात, अर्ध्या रिकाम्या सभागृहात बसलेले असतात. ऊर्जेतून होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे 70 टक्के शहरांच्या खात्यावर जातं. म्हणजे त्या रिकाम्या खुर्च्यांपैकी एखादीवर जाऊन बसणं हे मोठं काम आहे.

मी बारा वर्षं एका लहानशा नागरिक गटात आहे. पहिली दोन वर्षं आम्ही निव्वळ वाया घालवली. एका रस्त्याचं रुंदीकरण होणार होतं, तिथली जुनी झाडं आणि पायी चालणाऱ्यांची सावली वाचवायची म्हणून सह्या गोळा केल्या, घरोघरी फिरलो, निवेदन घेऊन गेलो. अभियंत्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की हरकती-सूचनांची मुदत सहा आठवड्यांपूर्वी संपली, कामाचा आदेश निघालाय. झाडं गेली. त्या संध्याकाळी घरी येऊन मी एका कोऱ्या कागदावर बारा महिने आखले आणि अर्थसंकल्पाचा मसुदा कधी येतो, विकास आराखड्यावर हरकती कधी मागवतात, बसखरेदीची निविदा कधी निघते, कुठलं कंत्राट कधी संपतं हे विचारत विचारत भरत गेलो. आजही आमच्या गटाचं सगळं काम त्या कागदावर चालतं. निर्णय होण्याच्या दोन महिने आधी पाच माणसं पुरतात. नंतर पाच हजार सह्यांचाही उपयोग होत नाही.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल तर मी कचरा म्हणेन. हवामान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर धुराडी आणि गाड्या येतात, पण कचरा डेपोत दाबला गेलेला ओला कचरा हवेवाचून कुजतो आणि त्यातून मिथेन निघतो. वीस वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता अडवतो. मात्र हवेत तो साधारण बारा वर्षंच टिकतो. म्हणून आज मिथेन कमी केला तर त्याचा गुण आपल्या हयातीत दिसतो. कार्बन डायऑक्साइडबाबत असं म्हणता येत नाही.

‘लोक कचरा वेगळा करतच नाहीत’ हे वाक्य तुम्हाला प्रत्येक बैठकीत ऐकू येईल. इटलीतलं मिलान हे दाट वस्तीचं, बहुमजली इमारतींचं शहर. 2012 ते 2014 या काळात टप्प्याटप्प्याने त्यांनी सगळ्या घरांमधून ओला कचरा वेगळा उचलायला सुरुवात केली. घरोघरी जाळीदार छोटी टोपली दिली, कुजणाऱ्या पिशव्या दिल्या, एकेक भाग करत पुढे गेले. दक्षिण कोरियाने तर 2005 मध्ये अन्नकचरा जमिनीत गाडण्यावर बंदीच घातली. लोक कचरा वेगळा करणं सोडतात त्याचं एक कारण मी डोळ्यांनी पाहिलंय. चार घरांनी निगुतीने वेगळा ठेवलेला कचरा गाडी खाली उभी राहून एकाच टपात ओतते. एकदा हे दिसलं की दुसऱ्या दिवशी कोण वेगळा करणार? म्हणून रहिवाशांना व्याख्यानं देण्याआधी कंत्राट वाचा. गाडीला दोन कप्पे असण्याची अट आहे का? कंत्राटदाराला पैसे डेपोत टाकलेल्या टनांवर मिळतात का? तसं असेल तर कचरा कमी होणं त्याच्या तोट्याचं आहे आणि कितीही जनजागृती केली तरी तो कमी होणार नाही. कंत्राटाच्या नूतनीकरणाच्या वेळी एवढी एक अट बदलून घेतली तरी ते काम हजार घरांना समजावण्यापेक्षा मोठं आहे.

वाहतुकीबाबत एकच गोष्ट सांगतो, कारण त्यावर वाद फार होतात. स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोममध्ये, शहराच्या मध्यभागात गाडी नेण्यावर शुल्क लावायचं ठरलं तेव्हा बहुसंख्य लोक विरोधात होते. 2006 च्या जानेवारी ते जुलै या काळात आधी प्रयोग झाला. त्या भागाच्या सीमेवरून ये-जा करणारी वाहनं साधारण 20 टक्क्यांनी घटली. प्रयोग संपल्यावर वाहनं पुन्हा वाढली, तीही लोकांनी पाहिली. सप्टेंबरच्या सार्वमतात शहरातल्या बहुमताने शुल्काच्या बाजूने कौल दिला आणि 2007 पासून ते कायम झालं. म्हणून बसची स्वतंत्र मार्गिका किंवा गाड्यांना बंद असलेला एखादा रस्ता मागताना कायमचा मागू नका. सहा महिन्यांचा प्रयोग मागा आणि आधीची-नंतरची मोजणी सार्वजनिक करण्याची अट त्यात घाला.

घरातली एक बाब मात्र जरूर पाहा: एसीचा गॅस. अजूनही पुष्कळ यंत्रांत वापरात असलेला आर-410ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट तापमान वाढवतो. खोलीच्या एका यंत्रात तो साधारण किलोभर असतो. दुरुस्तीच्या वेळी कारागिराने नळी उघडून गॅस हवेत सोडला तर दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखंच झालं. गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यायला सांगा, त्यासाठी यंत्र असलेलाच माणूस बोलवा. भाडेकरूलाही हे करता येतं. 2016 मध्ये किगाली इथे आंतरराष्ट्रीय करारात बदल करून हे वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचं जगाने ठरवलंय, पण आज भिंतीवर असलेल्या यंत्रांतला गॅस कुठे जाणार हे दुरुस्तीच्या दिवशी ठरतं.

झाडं लावायला जाल तेव्हा तीन उन्हाळे पाणी कोण घालणार हे आधी ठरवा. आम्ही लावलेली निम्मी रोपं केवळ त्यापायी गेली, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता जगाचं. इथे तुमच्या प्रश्नात एक गृहीत आहे की शहरातलं काम वेगळं आणि जगातलं वेगळं. मला ते पटत नाही, कारण शहरं एकमेकांचं पाहून शिकतात. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात महापौर जैमे लर्नर यांच्या काळात 1974 मध्ये बससाठी स्वतंत्र मार्ग सुरू झाले. ते पाहून कोलंबियाची राजधानी बोगोटाने 2000 मध्ये ट्रान्समिलेनिओ ही आपली बससेवा उभी केली, आणि तिथून ती कल्पना आशिया-आफ्रिकेतल्या शहरांत गेली. अहमदाबादेत मे 2010 च्या उष्णतेच्या लाटेत तेराशेहून अधिक जादा मृत्यू झाले. 2013 मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला: आगाऊ इशारा, दवाखान्यांची तयारी, पाण्याची सोय. पुढे भारतातल्या अनेक शहरांनी आणि राज्यांनी तो नमुना उचलला. म्हणून तुमच्या प्रभागात काही जमलं तर ते आकड्यांसकट लिहून ठेवा, फसलेलंही लिहा, आणि दुसऱ्या शहरातल्या लोकांना द्या. आमच्याकडे ते लिहिण्याचं काम कायम मागे पडतं, आणि तीच आमची सर्वांत मोठी उणीव आहे असं मी मानतो.

आणखी एक दार आहे. 1990 मध्ये स्थापन झालेली इक्ली आणि 2005 पासूनचा सी-40 अशा शहरांच्या जागतिक संघटना आहेत. तुमचं शहर त्यांत आहे का आणि त्याने कशावर सही केलीय ते शोधा. नवी मागणी करण्यापेक्षा ‘तुम्हीच दिलेल्या शब्दाचं काय झालं’ हे विचारणं सोपं जातं. देशांचंही तसंच. 2015 च्या पॅरिस हवामान कराराप्रमाणे त्यात असलेल्या प्रत्येक देशाला दर पाच वर्षांनी उत्सर्जन कमी करण्याचं आपलं उद्दिष्ट नव्याने सादर करावं लागतं. ते वर्ष जवळ आलं की आपल्या लोकप्रतिनिधीला लिहा. श्रीमंत देशात राहत असाल तर हवामानबदलाचा फटका बसलेल्या गरीब देशांसाठी 2022 मध्ये मान्य झालेल्या हानी-भरपाई निधीत आपला देश किती घालतोय हेही विचारा. ज्यांनी धूर सोडलाच नाही त्यांची घरं वाहून जाताहेत. हे ओझं फक्त शहरी सदिच्छेवर सोडता येणार नाही.

शब्द पाळले जात नसतील तर न्यायालयाचा रस्ता आहे, आणि तो सामान्य माणसांनीच चालून दाखवलाय. नेदरलँड्समध्ये उर्जेंडा ही पर्यावरण संस्था आणि 886 नागरिक आपल्या सरकारविरुद्ध लढले. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्सर्जन 1990 च्या तुलनेत किमान 25 टक्के कमी करण्याचा आदेश कायम ठेवला. 2024 मध्ये स्वित्झर्लंडच्या दोन हजारांहून अधिक ज्येष्ठ स्त्रियांच्या संघटनेने युरोपीय मानवाधिकार न्यायालयात आपल्या देशाविरुद्ध निकाल मिळवला. आपल्या वयात उष्णतेची लाट जिवावर बेतते, एवढं साधं त्यांचं म्हणणं होतं.

तुम्ही मात्र तिथून सुरुवात करू नका. या महिन्यात महापालिकेच्या एका बैठकीला जा आणि काही न बोलता बसा. संपल्यावर कारकुनाला विचारा: कचऱ्याचं कंत्राट कधी संपतंय, आणि नव्या निविदेचा मसुदा कुणाच्या टेबलावर आहे? उत्तर मिळालं की मला कळवा. अटींचा आमचा मसुदा तयार आहे, तुमच्या शहराप्रमाणे बदलून घेऊ.