वडोदऱ्यात विश्वामित्री नदीजवळ प्लॉट घेतोयस? आधी हे बघ

भाव स्वस्त आहे म्हणून बयाणा देऊन मोकळा होऊ नकोस. बिल्डर ‘झोन रेसिडेन्शियल आहे’ म्हणेल, आणि ते खरंही असेल. पण झोन निवासी असला तरी काठालगत बांधता येत नाही. गुजरातच्या बांधकाम नियमांत, काठाला बांध घातलेला नसेल तर नदीच्या काठापासून ३० मीटर आणि कांस (पावसाचं पाणी वाहून नेणारा ओहोळ), नाला किंवा तलावापासून ९ मीटर जागा मोकळी सोडावी लागते. तिथे भराव टाकणंही बांधकामातच धरतात. म्हणजे माती ओतून प्लॉट उंच करून देतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार!

झोनिंगचा दाखला काढ, टीपी (नगररचना) स्कीमचा पार्ट प्लान, म्हणजे तुझ्या प्लॉटच्या भागाचा नकाशा, घे आणि सर्व्हेअरला बरोबर नेऊन काठापासून टेप लावून घे. विकणाऱ्याच्या नकाशात कांस बहुतेक वेळा नसतेच. भूखी कांस तर शहरात जागोजागी झाकलेली आहे. पण पाण्याला तिची वाट बरोबर ठाऊक असते.

नियमात बसलं म्हणजे घर कोरडं राहील असंही नाही. शहरातल्या कालाघोडा पुलाजवळ नदीची धोक्याची पातळी २६ फूट. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ च्या वर गेली होती. त्यामुळे शेजारच्या जुन्या घरांच्या भिंतींवरचे डाग बघ. रंग नवा असेल तर जिन्याखाली, मीटरच्या पेटीमागे डोकाव. तिथे सहसा कोणी ब्रश फिरवत नाही. मग सर्व्हेअरकडून त्या डागाची आणि तुझ्या जोत्याची लेव्हल काढून घे. आणि मगरींचं विचारायला लाजू नकोस, पुरात त्या अंगणात येतात.