रे, ग, सा, नी: सुरांतली सही

प्रश्न: शोस्ताकोविच या रशियन संगीतकाराने आपलं नाव सुरांत गुंफलं होतं म्हणे. मी ते चार सूर पेटीवर वाजवले, तर काफी रागच ऐकू येतो. चुकतंय काय? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर: शेवटचा सूर. जर्मन पद्धतीने लिहिलेल्या त्यांच्या नावातली अक्षरं डी, एस, सी, एच. जर्मनांचा 'एस' म्हणजे ई-फ्लॅट, आणि 'एच' म्हणजे आपण ओळखतो तो साधा बी. घोळ असा, की जर्मन 'बी' मात्र बी-फ्लॅट असतो. तुम्ही बहुधा तो घेतलात, म्हणजे कोमल नी, म्हणून काफी.

पांढरी 1 ला सा धरा. मधल्या सप्तकात पांढरी 2, काळी 2, पांढरी 1 आणि मग मंद्रातली, म्हणजे खालच्या सप्तकातली, पांढरी 7. बोटं अनुक्रमे मधलं, अनामिका, तर्जनी, अंगठा. हात जागचा हलत नाही. कपलर (एका सुराबरोबर दुसऱ्या सप्तकातला तोच सूर वाजवणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर सूर जाड होतात. शुद्ध नी आला की पटदीप राग आठवेल, पण मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं), कण (शेजारच्या सुराचा ओझरता स्पर्श) काही लावू नका. सूर कोरडेच हवेत. स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून स्वर बदलण्याची सोय) सरकलेला असेल तर पट्टी बदलेल, सुरांतली अंतरं तीच राहतील.

मग त्यांची आठवी स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हियोला आणि चेलो यांची रचना) ऐका. 12 ते 14 जुलै 1960 या तीन दिवसांत, ड्रेस्डेनजवळच्या गोरिशला लिहिलेली. सुरुवातीलाच चेलो हे चार सूर घेतो, मागून एकेक वाद्य येतं. अर्पण 'फॅसिझम आणि युद्धाच्या बळींना'. मित्र ग्लिकमन यांना मात्र त्यांनी कळवलं, की ती रचनाकाराच्याच स्मृतीस अर्पण करायला हरकत नाही. त्याच वर्षी त्यांना कम्युनिस्ट पक्षाचं सदस्यत्व घ्यावं लागलं होतं. चौथ्या भागात एक व्हायोलिन लांब सूर धरून बसतं आणि बाकीचे तीन-तीन जोरदार आघात करतात. दारावरची थाप म्हणा, तोफा म्हणा, दोन्ही अर्थ लावले जातात. आम्हाला थाप पटते.

प्रश्न: शोस्ताकोविच यांनी चौथी सिंफनी (मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना) मागे का घेतली? (एक वाचक, वाशी)

उत्तर: 28 जानेवारी 1936 ला 'प्रावदा' या सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्रात त्यांच्या ऑपेरावर निनावी, जहरी लेख आला, दोनच दिवस आधी स्टॅलिनने तो ऑपेरा पाहिला होता. डिसेंबरात तालमी सुरू असताना चौथी सिंफनी मागे घेतली गेली. ती वाजली थेट 30 डिसेंबर 1961 ला, मॉस्कोत. मधल्या काळात, 1937 मध्ये, पाचवी आली. तिचा गाजलेला शेवट नंतर ऐका. आधी तिसरा भाग, जिथे पितळी वाद्यं पूर्ण गप्प आहेत.